गाडी वीस दाखवते, टाकी एकोणीस सांगते

महिना संपला की गाडीचा मालक आणि चालक हिशेबाला बसतात. गाडी किरायाने चालणारी, महिन्यात ४,००० किलोमीटर पळालेली. डॅशबोर्डवर ॲव्हरेज दिसतो लिटरला २०. म्हणजे २०० लिटर डिझेल लागायला हवे. पावत्यांची बेरीज मात्र २१० लिटर भरते.

"गाडी तर वीसचा ॲव्हरेज दाखवून रायली, मंग हे दहा लिटर कोठी गेलं?"

"मले काय माहीत भाऊ? मी टाकी फुल करतो अन् पावती आणून देतो."

अमरावती असो की अकोला, किरायाच्या गाड्या जिथे चालतात तिथे हा संवाद कधी ना कधी होतोच. लिटरमागे ९० रुपये धरले तरी प्रश्न ९०० रुपयांचा असतो. रक्कम फार मोठी नाही. पण ती चालकाच्या पगारातून कापली गेली तर त्याच्या घरी जाणवते, आणि न कापता नुसता संशय मनात राहिला तर तो त्याहून जास्त काळ टिकतो. मालकाकडे पुरावा असतो तो एकच, डॅशबोर्डवरचा आकडा. यंत्र खोटे कशाला बोलेल, असे त्याला वाटते.

यंत्र खोटे बोलत नाही. पण ते डिझेल मोजतही नाही. आपल्या गाडीतील 'ट्रिप कॉम्प्युटर' नेमके काय करतो, हे समजले तर असे बरेच वाद सुरू होण्याआधीच मिटतील.

मोजमाप नव्हे, अंदाज

पंपावरच्या मशीनमधून जाणारे इंधन प्रत्यक्ष मोजले जाते. त्या मशीनची वैधमापन खात्याकडून पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. टॅक्सी-रिक्षाच्या मीटरचेही तसेच. गाडीच्या डॅशबोर्डवरील ॲव्हरेजला असा शिक्का नसतो. ती चालकाच्या माहितीसाठी दिलेली सोय आहे.

बहुतेक मोटारींमध्ये टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत इंधन मोजणारा मीटर बसवलेलाच नसतो. मग आकडा येतो कुठून? इंजिनात इंधन सोडण्याचे काम 'इंजेक्टर' करतो. ही विजेवर उघड-मिट करणारी बारीक तोटी असते. ती किती वेळ उघडी ठेवायची, हे गाडीतला संगणक ठरवतो. तोटी एवढ्या दाबाला एवढा वेळ उघडी राहिली तर तिच्यातून इतके इंधन जाते, हे कारखान्यात ठरवून संगणकात भरलेले असते. संगणक उघड्या राहिलेल्या वेळाची बेरीज करतो, त्या आकड्याने गुणतो आणि इंधन किती गेले याचा अंदाज बांधतो.

हे किती बारीक काम आहे, ते पाहा. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी अमरावतीहून अकोल्याकडे ताशी ८० किलोमीटरने निघाली आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे, असे समजा. चारही इंजेक्टर मिळून मिनिटाला ४,००० वेळा उघडतात. शंभर किलोमीटरला सव्वा तास धरला तर तोटी ३ लाख वेळा उघडली. एवढ्या प्रवासात पेट्रोल लागले समजा ५ लिटर. म्हणजे एका वेळी सुटलेले पेट्रोल थेंबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे. प्रत्येक वेळी त्यात शेकडा तीन-चारची चूक एकाच बाजूला होत गेली, तर अकोल्याला पोहोचेपर्यंत पाऊण पाव लिटरचा, म्हणजे दीडशे ते दोनशे मिलिलिटरचा फरक पडतो.

आणि चूक व्हायला कारणे भरपूर आहेत. दोन इंजेक्टर अगदी तंतोतंत सारखे बनत नाहीत. विजेचा इशारा मिळाल्यावर तोटी प्रत्यक्ष उघडायला किंचित वेळ लागतो, आणि हा वेळ बॅटरीच्या दाबानुसार बदलतो. वापराने तोटीच्या भोकाशी काजळी धरते. मग तेवढेच इंधन सोडायला ती जास्त वेळ उघडी ठेवावी लागते आणि संगणकाला वाटते, इंधन जास्त गेले. अशा गाडीचा स्क्रीनवरील ॲव्हरेज खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. तरी टाकी भरून केलेल्या चाचण्यांत सर्वसाधारण अनुभव असा की, स्क्रीन बहुधा थोडे चढवूनच सांगते.

शेतकऱ्याला हा फरक वेगळा सांगायला नको. नजरअंदाज पैसेवारी वेगळी आणि प्रत्यक्ष पीक कापणी प्रयोग वेगळा. तलाठ्याची नजर कितीही तयार असली तरी पोत्यात पडते तेच उत्पन्न. स्क्रीनवरचा ॲव्हरेज ही गाडीची नजरअंदाज पैसेवारी आहे.

किलोमीटरही अंदाजानेच

ॲव्हरेज म्हणजे अंतर भागिले इंधन. यातले इंधन अंदाजाचे, हे झाले. अंतराचे काय?

गाडी रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात टायर किती पुढे जातो, हा आकडा संगणकात भरलेला असतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मोटारीसाठी ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलणे कायद्याने आवश्यक ठरते. या काळात टायरची त्रिज्या सुमारे ६ मिलिमीटरने घटते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर हा फरक २ टक्क्यांचा. म्हणजे गुळगुळीत टायरवर गाडी ९८ किलोमीटर चालली तरी मीटर १०० दाखवणार. हौसेने मोठे टायर बसवले असतील तर उलटे होते. चाकाचा एकेक फेरा लांब पडतो आणि किलोमीटर कमी नोंदले जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेग दाखवणारा काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, जास्त दाखवला तर चालते. म्हणून मोबाइलवर ९५ आणि काट्यावर १०० असे दिसते. पण त्यावरून किलोमीटरची नोंदही तेवढीच फुगलेली असेल, असे समजू नये. दोन्ही गोष्टी वेगळ्या हिशेबाने चालतात.

पाच टक्क्यांची गोष्ट

मग चूक किती धरायची? अमेरिकेतील 'एएए' या मोटारचालकांच्या संघटनेने प्रयोगशाळेत काही गाड्या चालवून डॅशबोर्डवरील आकडे तपासले, तेव्हा सरासरी फरक २.३ टक्के निघाला. पण एखाद्या गाडीत तो ६ टक्क्यांच्या वर गेला होता. सगळ्या गाड्यांची सरासरी चांगली निघाली, याचा अर्थ तुमच्या दारातली गाडी अचूक आहे असा होत नाही.

युरोपीय संघाने २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत इंधनाच्या वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली. त्या नोंदीत अधिक-उणे ५ टक्क्यांपर्यंतचा फरक नियमालाच मान्य आहे. आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा पाहा. स्क्रीनच्या म्हणण्याप्रमाणे २०० लिटर, पावत्यांप्रमाणे २१०. फरक पाच टक्क्यांच्या आतलाच. जो फरक युरोपचा कायदा यंत्राची स्वाभाविक चूक म्हणून सोडून देतो, तोच आपल्याकडे चालकाच्या माथी मारला जातो.

युरोपातील या नोंदींतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. सुमारे सहा लाख गाड्यांची माहिती तपासून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये सांगितले की, पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन घेतात. आपल्याकडे कंपनी जो ॲव्हरेज सांगते, तोही प्रयोगशाळेतला असतो. पुण्याची 'एआरएआय' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर ठरावीक पद्धतीने चालवतात आणि धुरातील कार्बनच्या मापावरून इंधन काढतात. मोजणी नेमकी असते, पण आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. अकोल्याच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवते?

म्हणजे एकाच गाडीचे तीन ॲव्हरेज झाले. एक कंपनीच्या कागदावरचा, दुसरा स्क्रीनवरचा, तिसरा टाकीतला. खिशातून पैसे जातात ते तिसऱ्याप्रमाणे.

अकोल्याला जाताना आणि येताना

अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी ओळखला जायचा. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, आता ॲव्हरेज वाढेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. सतत ब्रेक आणि गिअर बदलणे कमी झाले की इंधन वाचते, हे खरेच. पण चांगल्या रस्त्यावर पायही जड होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० चा वेग १०० झाला की तो दीडपटीहून अधिक होतो. रस्त्याने वाचवलेले पेट्रोल वेगाने खाल्ले जाते.

या रस्त्यावर आणखी एक छुपा घटक आहे, उतार. रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण अकोला शहर अमरावतीपेक्षा सुमारे ६० मीटर खाली आहे. १,२०० किलो वजनाची गाडी ६० मीटर चढवायला साधारण ८० ते ९० मिलिलिटर पेट्रोल जादा लागते. शंभर किलोमीटरला लागणाऱ्या ५ लिटरमध्ये हे पावणेदोन टक्के झाले. जाताना तेवढे वाचते, येताना तेवढे जास्त जाते. म्हणजे दोन फेऱ्यांत साडेतीन टक्क्यांचा फरक एकट्या उतारामुळे पडू शकतो. उन्हाळ्यात पश्चिमेकडून वारा असला तर हिशेब पुन्हा बदलतो. अकोल्याकडे जाताना ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ८० च्या वेगाला हवेचा विरोध ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून "जाताना बावीस दिला, येताना एकोणीस" यावरून गाडीत बिघाड शोधू नये. जाऊन-येऊन मिळून काय पडला, ते पाहावे.

इथेही एक फसगत होते. चिखलदऱ्याचा घाट चढताना ॲव्हरेज १० पडला आणि तेवढेच अंतर उतरताना ३० पडला, तर एकूण ॲव्हरेज २० नव्हे. तीस किलोमीटर चढायला ३ लिटर, तीस किलोमीटर उतरायला १ लिटर. साठ किलोमीटरला ४ लिटर, म्हणजे ॲव्हरेज १५. दोन ॲव्हरेजची सरासरी काढायची नसते. लिटरची बेरीज वेगळी, किलोमीटरची वेगळी, मग भागाकार. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असे मोजतात. त्यात ही चूक टळते.

घाट उतरताना स्क्रीनवर ॲव्हरेज एकदम ९९ च्या पुढे गेलेला दिसतो. त्या वेळी गाडी गिअरमध्ये असते, चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो. म्हणजे इंधन शून्य. पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करणारे इथेच चुकतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे इंधन द्यावेच लागते. शिवाय इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. गिअरमध्ये उतरणे स्वस्तही आहे आणि सुरक्षितही.

डिझेल गाडीचे आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी अधूनमधून थोडे जादा डिझेल वापरून काजळी जाळून टाकते. शहरात छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला हे वारंवार करावे लागते. त्या आठवड्यात ॲव्हरेज पडतो, आणि त्यात चालकाचा काही दोष नसतो.

इथेनॉलचा वाद आणि स्क्रीनचा पुरावा

२०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आणि "गाडीचा ॲव्हरेज पडला" ही तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागली. कोणी दोन किलोमीटरने पडला म्हणतो, कोणी पाचने. यात तथ्य किती?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी आणि आधीच्या १० टक्के मिश्रणापेक्षा सुमारे साडेतीन टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, त्याच प्रकारच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के, आणि १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के घट होईल, असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे घट होते हे खरे, पण लिटरला १८ देणारी गाडी केवळ इथेनॉलमुळे १३ वर येत नाही. एवढी घट दिसत असेल तर हवा, ब्रेक, प्लग, एअर फिल्टर तपासावे.

आता स्क्रीनचा प्रश्न. ज्या यंत्राची स्वतःची चूक पाच टक्क्यांपर्यंत असू शकते, त्याच्या एका आकड्यावरून तीन टक्क्यांची घट सिद्ध होत नाही. त्याच गाडीचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले तर काही कळते, कारण दोन्ही वेळा चूक सहसा सारखीच असते. पण इंधनच बदलले, तर तीही खात्री राहत नाही. इंजेक्टर उघडा राहिल्याच्या वेळेवरून मोजणारी गाडी हा बदल बऱ्यापैकी टिपते. एखाद्या गाडीचा हिशेब आत आलेल्या हवेवरून होत असेल तर घोळ होतो. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९, आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा. गणित जुन्याच १४.७ वर अडले असेल, तर स्क्रीन इंधन आठेक टक्के कमी मोजेल. टाकी लवकर रिकामी होईल आणि स्क्रीन मात्र ॲव्हरेज उत्तम दाखवत राहील.

या वादात खरे उत्तर एकाच माणसाकडे असू शकते. ज्याने आधीपासून लिटर आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवले, त्याच्याकडे.

'रेंज'वर भिस्त नको

ॲव्हरेजशेजारी आणखी एक आकडा असतो. उरलेल्या इंधनात गाडी किती किलोमीटर जाईल, याचा. तो तर अंदाजावरचा अंदाज. टाकीतल्या तरंगणाऱ्या गोळ्यावरून इंधन किती उरले ते ठरते, आणि त्याला गेल्या काही किलोमीटरच्या ॲव्हरेजने गुणले जाते. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सपाट रस्त्याने आलेल्या गाडीला पुढे घाट आहे, हे ठाऊक नसते. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत साधारण ७०० मीटरची चढण आहे. केवळ ही उंची चढायला मध्यम आकाराच्या मोटारीला सुमारे एक लिटर पेट्रोल जादा लागते. टाकीत तीन-चार लिटरच उरले असतील तर एक लिटर म्हणजे मोठा वाटा. त्यात चढावर टाकी कलते, गोळा हलतो आणि आकडा भराभर खाली येतो.

मेळघाटात ही नुसती गैरसोय नसते. सेमाडोह, हरिसाल, धारणीच्या बाजूला रस्ता जंगलातून जातो, पंप विरळ आहेत, आणि मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेलच असे नाही. धारणीकडून अमरावतीला पेशंट घेऊन निघालेल्या गाडीने स्क्रीनवरील शेवटच्या पन्नास किलोमीटरवर विसंबून राहणे म्हणजे जिवाशी खेळ. डोंगरात शिरण्याआधी टाकी भरून घ्यावी, आणि स्क्रीनवरील अंतराच्या निम्मेच खरे धरावे.

टाकीचा धरमकाटा

बाजार समितीत सोयाबीनची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. वजाबाकी केली की माल किती ते कळते. गाडीचा ॲव्हरेज काढायची पद्धतही तशीच साधी आहे. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, गाडी चालवायची, पुन्हा टाकी फुल करायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढे मधल्या प्रवासात गेले.

पण यातही काटा मारला जाऊ नये म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात. शक्यतो एकच पंप, एकच मशीन, गाडी उभी करायची जागाही तीच. जागेचा उतार बदलला की टाकीत हवा अडते आणि लिटरभराचा फरक पडतो. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे. "आकडा गोल करा" म्हणून वर आणखी ओतू नये. उन्हाळ्यात त्याचा दुहेरी तोटा आहे. जमिनीखालच्या टाकीतून आलेले पेट्रोल गाडीच्या तापलेल्या टाकीत दर १० अंशांना सुमारे एक टक्का फुगते. त्याला जागा लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीतून पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरले तर तो खराब होतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एका टाकीवरून निकाल देऊ नये. टाकी फुल होण्यात अर्ध्या-एक लिटरचा फरक राहणारच. दहा लिटर भरून हिशेब केला तर एक लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. पण सलग पाच वेळा टाकी फुल करून मिळून दीडशे लिटरचा हिशेब केला, तर तीच चूक एका टक्क्याच्याही आत येते. कारण मधल्या वेळी कमी बसलेले पुढच्या वेळी जास्त बसते. चूक उरते ती पहिल्या आणि शेवटच्या वेळेची.

पंपाच्या मापावर शंका असेल तर तीही जागच्या जागी फेडता येते. प्रत्येक पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप असते आणि ग्राहकाला त्यात इंधन मोजून मागण्याचा हक्क आहे. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरले तर तक्रार करावी. आणि किलोमीटर तपासायला महामार्गावरचे दगड आहेतच. बडनेऱ्याच्या पुढे निघून सलग पन्नास किलोमीटर दगडांशी मीटर ताडून पाहिला की टायरची चूक कळते.

एवढे केले की आपल्या गाडीचा स्वतःचा 'फरक' हाती येतो. स्क्रीन २० म्हणते तेव्हा टाकी १९ सांगते, असे पाच टाक्यांनी दाखवले, तर पुढे स्क्रीनवरील आकडा पाच टक्क्यांनी कमी करून वाचायचा. काही कंपन्यांच्या गाड्यांत वर्कशॉपमध्ये हा आकडा दुरुस्तही करून मिळतो. मग स्क्रीन निरुपयोगी उरत नाही. उलट, ज्या कामासाठी ती चांगली आहे त्या कामाला येते. कालच्यापेक्षा आज गाडी जास्त खाते का, टायरमधील हवा कमी झाली का, ८० आणि १०० च्या वेगात फरक किती, हे ती लगेच सांगते. तिची चूक सहसा एकाच बाजूची असते, म्हणून तुलना खरी ठरते.

पुन्हा हिशेबाला

आता मालक आणि चालकाकडे वळू. त्या दहा लिटरचे काय झाले, हे स्क्रीनवरून ठरवता येत नाही. ते गाडीच्या अंदाजात हरवले असू शकतात, मापात गेले असू शकतात, किंवा खरोखर कोणी काढलेही असतील. हे वेगळे करायचे तर आधी गाडीचा नेहमीचा फरक माहीत हवा. पहिले दोन महिने दोघांनी मिळून टाकी-ते-टाकी हिशेब ठेवावा. फरक दर महिन्याला पाच टक्केच निघाला, तर तो गाडीचा स्वभाव. चार महिने पाच निघून पाचव्या महिन्यात अचानक बारा निघाला, तर मात्र विचारायला जागा आहे. तेव्हाही पहिला प्रश्न गॅरेजमध्ये विचारावा, चालकाला नंतर.

आणखी एक गोष्ट आरोग्याची. ॲव्हरेजच्या धाकाने चालक भर उन्हात एसी बंद करून गाडीत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात. उभ्या गाडीत एसी लावला तर तासाला लिटरभराच्या आसपास इंधन जाते, हे खरे. पण पारा ४५ च्या वर असताना बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि उष्माघाताला निमित्त मिळते. सावलीत गाडी लावून बाहेर बसायची सोय करावी, प्यायला पाणी द्यावे, आणि तेही नसेल तर त्या लिटरभर इंधनाचा हिशेब मागू नये.

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन ठेवा. टाकी फुल केली की तारीख, किलोमीटर, लिटर लिहा आणि दोघांनी सही करा. ती वही दोघांच्याही बाजूने साक्ष देईल.